दोन सेंटांची पानगळ

ऑक्टोबर महिन्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. वर्षभर गुमान हिरवी उभी राहिलेली झाडं या महिन्यात अचानक नटायला लागतात, आणि अमेरिकेतलं आमचं अख्खं ॲन आर्बर गाव माना वर करकरून त्यांचे फोटो काढत सुटतं. मला आपलं वाटतं, एवढं नटायला झालंय काय? कुणी विनाकारण गोड वागायला लागलं की मी आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघते. आमच्या गॅरेजशेजारचा मेपल तर पक्का लबाड आहे. आज लालभडक होऊन मिरवतो, उद्या जरा वारा सुटला की सगळा पसारा अंगणात टाकून मोकळा. झाडायचं कुणी? मी.

यंदाही पानगळ आली. काल सकाळी दार उघडलं आणि ओल्या पानांचा तो कुबट, गोडसर वास नाकात शिरला. कुणाच्या तरी फायरप्लेसचा धूर होता, आणि लांबून, स्टेडियमच्या बाजूनं, बँडचे ढोल ऐकू येत होते. युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल मॅचचा शनिवार. रस्त्यापलीकडच्या मंडळींनी पैसे घेऊन अंगणात गाड्या लावू देण्याच्या पाट्या पहाटेच ठोकल्या होत्या. पिवळ्या-निळ्या टोप्या घातलेली पोरं आमच्या फुटपाथवरून पानं तुडवत चालली होती. तो कुरकुर आवाज आला आणि मी दार लावून घेतलं.

कारण एका पानगळीत माझ्या घरातून काहीतरी चोरीला जात होतं. चोरी होतेय हे मला अगदी सुरुवातीला कळलं होतं. काय जातंय ते मात्र दिवाळी येईपर्यंत कळलं नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे गैरसमज नको. निवृत्त होईपर्यंत मी एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासायचं काम केलं. पाइप फुटून गालिचा भिजला म्हणणाऱ्याच्या गालिच्याचे फोटो मी भिंग लावून बघितले आहेत. माणूस कुठे थापा मारतो, कुठे अडखळतो, कुठे जास्तच तपशील देतो, हे मला आवाजावरून कळायचं. आमची अनुजा, आता बेलव्ह्यूला असते, ती लहानपणी म्हणायची, "आई, नॉट एव्हरीवन इज लाइंग." मी म्हणायचे, नसतील गं, पण बघायला काय जातंय? ताकही फुंकून प्यावं, तोंड भाजत नाही.

आणि सुधाकर, माझा नवरा, नेमका उलट. जन्मभर मोटारींचे गिअर डिझाइन केले आणि रस्त्यावरच्या कुणाही माणसावर विश्वास ठेवला. निवृत्तीनंतर तो एकदा गॅरेज सेलला, म्हणजे कुणाच्या तरी दारातल्या जुन्या सामानाच्या विक्रीला गेला. शिवणकामाच्या बटणांच्या डब्यात त्याला एक तपकिरी नाणं सापडलं. घरी येऊन माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "शुभा, बघ. दोन सेंट!"

"दोन सेंटांचं नाणं कधी असतं का?" मी म्हटलं. "फसवलं तुला कुणीतरी."

पण ते खरं होतं. इथल्या यादवी युद्धाच्या दिवसांत लोकांनी सुटी नाणी घराघरांत दडवली, तेव्हा टंचाईवर उपाय म्हणून सरकारनं हे काढलं, कांशाचं, पेनीपेक्षा थोडं मोठं. पुढे ढाल आणि बाण, मागे गव्हाच्या लोंब्यांची माळ. दहाएक वर्षांत बंदही पडलं. देवावर आमचा भरवसा आहे, हे यांचं सुप्रसिद्ध वाक्य पहिल्यांदा छापलं ते याच नाण्यावर, हे सांगताना सुधाकरचा चेहरा असा व्हायचा की जणू छापलं यानंच. मला मात्र वाटायचं, भरवसा आहे तर नाण्यावर ओरडून सांगायची वेळ का आली?

नाणी जमवणारे लोक या दोन सेंटाला विचारत नाहीत. नमुन्याला एखादं ठेवतात आणि पुढे जातात. पेनीवाले वेगळे, चांदीच्या डॉलरवाले वेगळे, त्यांचे रुबाब वेगळे. "कुणी विचारत नाही म्हणून तर," सुधाकर म्हणायचा. "सगळी मालिका एका पानावर मावते गं. माणसाच्या आवाक्यातली आहे." मग त्यानं एक अल्बम आणला, आणि एकेक वर्षाचं नाणं शोधत तो हिंडायला लागला.

त्या छंदाचा एकच नियम होता आणि तो त्यानं मला आयुष्यात एकदाच आवाज चढवून शिकवला. मी एका नाण्यावरचा काळपटपणा ओढणीच्या टोकानं पुसायला गेले. "हात आवर!" तो ओरडला. मी दचकलेच. "अगं, दीडशे वर्षं लागली त्याला हा रंग चढायला. पुसलंस की मेलं ते. मग त्याला कुणी हात लावत नाही." नंतर त्यालाच वाईट वाटलं, त्यानं चहा करून आणला. पण कानाला खडा लावला मी.

त्या पानगळीत वॉल्ट आमच्याकडे दर शुक्रवारी यायला लागला. वॉल्ट म्हणजे उंच, वाकलेला, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. बायको गेलेली. कम्युनिटी हॉलमध्ये नाणीवाल्यांची बैठक भरते, तिथे तो नाणी विकायला एक टेबल मांडून बसायचा. कोपरे फाटलेलं जाकीट, कानावर केसांचे झुपके, आणि खिशात भिंग. आला की आधी हात धुवायचा, मग जेवणाच्या टेबलाशी बसायचा. बसायचा तो बरोबर नाण्यांच्या कपाटाकडे तोंड करून. का? खिडकीतून इतका सुंदर मेपल दिसतोय, आणि हा माणूस कपाटाकडे तोंड करून का बसतो? मनात पाल चुकचुकली.

मी चहा घेऊन गेले की दोघंही बोलायचे थांबायचे. वॉल्ट चहा नको म्हणायचा. ज्याच्या घरचं खायचं नाही त्याच्याबद्दल मनात काय असतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसायचे आणि कान टेबलाशी ठेवायचे. "नाइस कलर," वॉल्ट म्हणायचा. मग सुधाकर काहीतरी विचारायचा, आणि वॉल्ट खूप हळू आवाजात उत्तर द्यायचा. इतकं हळू बोलायला नाण्यात असतं काय?

मग एक दिवस टेबलाचा ड्रॉवर आवरताना मला कागदी पाकिटं मिळाली. प्रत्येकात एकेक नाणं, वर पेन्सिलीनं वर्ष. आणि वर्ष एकच! सगळी अठराशे सदुसष्टची. अल्बममध्ये ते वर्ष आधीच लागलेलं होतं. म्हणजे हा म्हातारा माझ्या भोळ्या नवऱ्याच्या गळ्यात तेच तेच नाणं परत परत मारतोय. पुढच्या आठवड्यात बघते तर पाकिटं गायब. म्हटलं, बघा! पुरावाही नाहीसा केला.

पानं पडत होती. महापालिकेचे ट्रक येऊन रस्त्याकडेचे ढीग ओढून नेत होते. सुधाकर दूध आणायला गेला की फार वेळानं यायचा. "ट्रकनं रस्ता अडवला होता," म्हणायचा. मी विचारायचे, कुठला रस्ता? तो हसून विषय बदलायचा. अल्बममधली नाणी जागेवर नसायची. एक मला त्याच्या कोटाच्या खिशात सापडलं. एक तर मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत. आणि खरं सांगते, ते बघून मला आनंद झाला. म्हटलं, आला एकदाचा शहाणपणा! यालाही वॉल्टचा संशय आलाय, म्हणून लपवून ठेवतोय. मी ते नाणं मोहरीतच राहू दिलं. इतक्या वर्षांच्या संसारात प्रथमच आम्हां दोघांचं एकमत झालं, असं वाटून मला त्या रात्री छान झोप लागली.

अनुजाला फोनवर सगळं सांगितलं. "पाणी कुठंतरी मुरतंय," मी म्हटलं.

"आई, प्लीज. बाबा फायनली हॅज अ फ्रेंड. यू आर बीइंग पॅरनॉइड." मग थोडं थांबून म्हणाली, "बट ही साउंडेड अ लिटल ऑफ, यू नो. माझ्या बर्थडेला त्यांनी दोनदा कॉल केला. सकाळी आणि मग परत. सेम थिंग्ज बोलले."

"प्रेम आहे म्हणून केला दोनदा," मी म्हटलं. "तू महिन्यातून एकदा तरी करतेस का?"

आणि त्याच शुक्रवारी दारात बूट घालता घालता वॉल्ट म्हणाला, "शुभा, कॅन आय टॉक टू यू? अबाउट सुधा." मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिले. म्हटलं, पैशांचं काही असेल तर माझ्या मुलीशी बोल, ती वकील आहे. अनुजा वकील वगैरे काही नाही, ती ॲप्सचे आयकॉन काढते. पण दम भरायला बरं असतं. वॉल्टनं बुटाची नाडी बांधून पुरी केली. मग टोपी घालून पानांतून पाय ओढत गेला. मी दाराच्या भिंगातून तो गाडीत बसेपर्यंत बघत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

लक्ष्मीपूजन आलं. इथे त्या दिवशी सुट्टी नसते, कचऱ्याचा ट्रकही नेहमीसारखाच येतो, त्यामुळे सण आपणच धरून ओढून आणावा लागतो. सकाळी मी इंडियन स्टोअरला गेले, झेंडूच्या माळा आणल्या, बत्तासे आणले. करंज्या मी आदल्या दिवशीच केल्या होत्या. दुपारी देवाच्या खोलीत गेले. देवाची खोली म्हणजे आमचं वरचं क्लोजेट, कपडे काढून देव बसवलेत. सुधाकरनं आधीच पाट मांडला होता. लाल कापड, तांदळाची रास, आणि राशीवर गोल मांडलेली नाणी.

ती चमकत होती. गुलाबी, लख्ख, कालच टाकसाळीतून आल्यासारखी. अल्बम शेजारी उघडा पडला होता, रिकामा.

मी पाटाशी वाकून बघितलं. तीनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, वॉल्ट येऊन तास दोन तास बसून गेला होता. खरी घेऊन गेला आणि खोटी ठेवून गेला! मी तिथूनच त्याला फोन लावला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण इंग्रजीत भांडताना माझं व्याकरण अगदी शुद्ध होतं एवढं आठवतं. शेवटी तो म्हणाला, "आयॅम कमिंग ओव्हर."

आला. बुटाला एक पिवळं पान चिकटलेलं. क्लोजेटच्या दाराशी, समई बघून त्यानं आपणहून टोपी काढली. गुडघे मोडताना कण्हला, खाली बसला, आणि एक नाणं कडेनं उचलून भिंगाखाली धरलं. मग दुसरं. मग तिसरं. मी उभी राहून त्याच्या बोटांवर नजर ठेवून होते. त्यानं सगळी नाणी परत तांदळावर जशीच्या तशी ठेवली.

"दीज आर हिज," तो म्हणाला. "आय नो एव्हरी वन ऑफ देम. समबडी क्लीन्ड देम, शुभा."

मी एक नाणं उचललं. ढालीच्या रेघांमध्ये काहीतरी तांबूस अडकलं होतं, धाग्यासारखं. वास घेतला. चिंच.

तांबं चिंचेनं उजळतं हे वॉल्टला कुठून ठाऊक असणार? या घरात ते दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक सकाळभर दुकानात होती.

इतक्यात सुधाकर आंघोळ करून आला. रेशमी झब्बा, ओले केस नीट बसवलेले, तेलाचा वास. "अरे, वॉल्ट!" म्हणाला, मग माझ्याकडे वळून मराठीत, "कशी लख्ख निघाली बघ. आई सकाळपासून मागे लागली होती. म्हणाली, लक्ष्मीपुढे काळी नाणी मांडतोस, लाज नाही वाटत? चिंच काढून दिली तिनं मला."

सासूबाई अनुजाच्या जन्माआधी गेल्या होत्या.

वॉल्टला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण तो सुधाकरकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी हसले. "काहीतरीच तुझं," म्हटलं, आणि हसतच राहिले. सुधाकरही हसला. माझ्या तीन काड्या विझल्या, तेव्हा काडेपेटी वॉल्टनं माझ्याकडून घेतली आणि निरांजन त्यानं लावलं. मग सुधाकरनं आरती म्हटली. सगळी कडवी, एक अक्षर चुकलं नाही. मी मनात म्हटलं, बघ, सगळं तर पाठ आहे त्याला, उगाच काय घाबरतेस.

वॉल्टनं त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे खाल्लं. स्वयंपाकघरात उभा राहून करंजी खाताना त्यानं सगळं सांगितलं. सुधाकर दर आठवड्याला त्याच्याकडे तेच एक वर्ष मागायचा. तुझ्याकडे आहे, असं सांगितलं की भडकायचा, मग रडवेला व्हायचा. म्हणून वॉल्ट मुकाट्यानं नाणं द्यायचा आणि नंतर सुधाकरच्या देखतच, आपण बदलून घेऊ या, म्हणून परत घेऊन जायचा. एकदा दूध आणायला निघालेला सुधाकर त्याला दुसऱ्याच गल्लीत गाडीत बसलेला सापडला होता, इंजिन चालू ठेवून. आणि कपाटाकडे तोंड करून तो बसायचा, कारण खिडकीतून येणारा उजेड पाठीवरून नाण्यावर पडावा लागतो.

"आय ट्राइड टू टेल यू," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतंच. मी आणखी दोन करंज्या त्याच्या ताटलीत वाढल्या. दुसरं काय करणार होते?

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. संशय घ्यायला बाहेरचा माणूस सापडला की बरं असतं. चोर असला तर त्याला पकडता येतं, फोन करून झापता येतं, दाराला दुसरं कुलूप घालता येतं. जन्मभर मी जे केलं ते सगळं तिथे उपयोगी पडतं. मेंदूतून रोज थोडं थोडं कुणी उचलून नेत असेल तर त्याचं काय करायचं, हे इन्शुरन्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. पुढे तपासण्या झाल्या, डॉक्टर झाले, अनुजा येऊन राहून गेली. डॉक्टरांवरही मी आधी संशयच घेतला. दुसरे गाठले. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं.

त्याला काही वर्षं झाली. वॉल्ट अजून शुक्रवारी येतो. अल्बम उघडतो, सुधाकरला एकेक नाणं हातात देतो, ढालीवरून बोट फिरवायला लावतो. आता चहाही घेतो, आलं घालून. आणि तरी तो आला की मी आल्याआल्या एकदा कपाटाकडे बघतेच. स्वभावाला औषध नाही.

सुधाकरचं मात्र ओळखणं आता बदलतं राहतं. कधी मी शुभा असते, कधी त्याची बहीण असते, म्हणजे माझ्या वन्सं, आणि कधी तो मला मराठी मंडळातल्या कुणी बाई समजतो आणि "या, बसा" म्हणतो. तेव्हा फार अदबीनं बोलतो. पहिल्या वेळी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. आता बसते. बसा म्हटलं की बसावं.

काल मॅच संपली होती. हरले असावेत, पोरं गप्प परतत होती. मी खिडकीशी मेथी निवडत होते, आणि सुधाकर समोरच्या खुर्चीत मांडीवर शाल घेऊन बाहेर बघत होता. वारा होता. मेपलचं एकेक पान काचेवर येऊन चिकटत होतं आणि घसरत होतं.

"तुम्हांला थोडा वेळ आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे की. बोला."

त्यानं आधी जिन्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे. मग खुर्ची पुढे ओढली. "कुणाला बोलू नका. मला हल्ली गोष्टी आठवत नाहीत. पुष्कळ दिवसांपासून. नाणी कुठे ठेवली ते आठवत नाही, रस्ते आठवत नाहीत. आमच्या हिला अजून पत्ता नाही त्याचा."

मी मेथीची काडी मोडली. "सांगितलं का नाही तिला?"

"ती फार संशयी आहे हो," तो म्हणाला, आणि हसला. त्याचं ते जुनं हसू, विषय बदलायचं. "सगळ्यांची उलटतपासणी घेते. लोकांना वाटतं, खाष्ट आहे. तसं नाहीये. ती घाबरते. घाबरली की कुणाला तरी धरते. आमच्याकडे एक वॉल्ट म्हणून येतो, त्या बिचाऱ्याला तिनं इतकं छळलं! मी बघत होतो ना सगळं. एकदा वाटलं, सांगून टाकावं, अगं, चोर तो नव्हे. मग म्हटलं, राहू दे. तेवढे दिवस तरी तिचे बरे जातील."

मी मेथीची जुडी खाली ठेवली. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"तिला सांगणार नाही ना तुम्ही?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "नाही कळू देणार तिला."